शिल्प कोण धुणार, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मंडईपासून शनिवारवाड्यापर्यंतच्या पट्ट्यात पाच-सहा कायमस्वरूपी शिल्पं उभी करायची आहेत. पुढाऱ्यांचे पुतळे नकोत, पेठांचं जगणं दिसेल अशी शिल्पं हवीत. व्यापारी आणि रहिवासी मिळून काही पैसे उभे करतील, काही महापालिकेकडून मिळतील अशी आशा आहे. तर धातू घ्यावा की दगड, उंची किती ठेवावी, शिल्पकार कसा निवडावा आणि सुरुवात कुठून करावी?

मातीकाम, ओतकाम आणि तयार शिल्प जागेवर नेऊन बसवणं, हे मी तीस वर्षं करतो आहे. तुम्ही विचारलंय त्या क्रमाने मी उत्तर देणार नाही, कारण धातू की दगड हे बऱ्याच नंतर ठरतं. सगळ्यात आधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा: हे शिल्प दरवर्षी कोण धुणार?

हे मी का म्हणतो ते सांगतो. एका संस्थेच्या आवारात आम्ही ब्रॉंझचं एक शिल्प बसवलं होतं. त्याचा रंग, म्हणजे पॅटिना, आणायला आम्हाला चार दिवस लागले होते. गॅसच्या ज्योतीने धातू तापवायचा, ब्रशने रसायनाचा हलका हात द्यायचा, पुन्हा तापवायचा, असं करत करत तपकिरीच्या खालून हिरवट छटा वर आली होती. तिसऱ्या वर्षी वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी चिंच आणि भांडी घासायची पावडर घेऊन ते लख्ख केलं. पितळेच्या समईसारखं चमकलं, सगळे खूश झाले. पावसाळ्यानंतर त्यावर काळे-हिरवे ओघळ आले, तेव्हा पुढच्या वर्धापनदिनाला सोनेरी ऑइल पेंट मारला. मी गेलो तेव्हा शिल्पाच्या बोटांमधल्या खाचा रंगाने बुजल्या होत्या, डोळ्यांच्या कडा गोल झाल्या होत्या. मी नखाने कानामागचा एक पापुद्रा सोलला, तर खाली आमचा जुना तपकिरी रंग तसाच होता. संपूर्ण रंग काढायला तीन आठवडे गेले. ज्यांनी घासलं त्यांचा हेतू वाईट नव्हता, ते आपल्या परीने काळजीच घेत होते. चूक माझी होती. शिल्प सोपवताना मी हार घातला, फोटो काढले आणि निघून आलो. कसं धुवायचं, हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी एक कागद शिल्पासोबतच देतो. वर्षातून दोनदा धुणं: एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीनंतर. साधं पाणी, अंगाच्या साबणाइतकाच सौम्य साबण, मऊ ब्रश. आम्ल नाही, पावडर नाही, तारेचा ब्रश तर अजिबात नाही. पक्ष्यांची विष्ठा दिसली की लगेच पुसायची, कारण ती धातू खाते. धुऊन वाळल्यावर धातू उन्हात कोमट झाला असताना मेणाचा पातळ हात, आणि सुती कापडाने घासून चकाकी. दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे. हे काम कोणत्या पदावरच्या माणसाने करायचं ते करारात असू द्या. व्यक्तीचं नाव लिहिलंत तर ती बदलते. आणि त्यासाठीचे पैसे शिल्पाच्या खर्चातूनच आधी बाजूला काढून मुदत ठेवीत टाका. मी स्वतः एकूण अंदाजाच्या दहा टक्के धरतो. पाच शिल्पांचे पैसे असतील तर चार करा आणि पाचव्याचे पैसे त्या चौघांना सांभाळायला ठेवा.

आता जागा. इथे तुमच्या यादीतल्या निम्म्या जागा गळतील, तेव्हा आधीच सांगून टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात राज्य सरकारांना सार्वजनिक रस्ते, फुटपाथ आणि इतर सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर नवे पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये असं बजावलं आहे. म्हणजे चौकातलं वर्तुळ, दुभाजक, रुंद केलेला फुटपाथ, या तुमच्या आवडत्या तीन जागा बाद. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. तेव्हा वाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर काही उभं करण्याचा विचार सोडून द्या. खऱ्या व्यक्तीचं शिल्प करायचं म्हटलंत तर पुतळ्यांसाठीची राज्य शासनाची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात: कला संचालनालयाकडून मातीच्या मॉडेलला मान्यता, पोलिसांचं ना हरकत, आणि देखभालीची लेखी हमी. ही प्रक्रिया लांब आहे, पण त्यातलं मातीच्या मॉडेलचं कलम मला पटतं. व्यक्तिशिल्प नसलं तरी तुम्ही ते स्वतःहून पाळा.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. मंडईच्या इमारतीचं स्वतःचं आवार, शाळांचे दर्शनी भाग, वाचनालयांची अंगणं, उद्यानं, देवस्थानांच्या मालकीची पटांगणं, आणि आता मेट्रोच्या स्थानकांची आवारं. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, त्यात कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानकं तुमच्या पट्ट्यातच आहेत. तिथली जमीन कुणाच्या ताब्यात आहे ते आधी तपासा आणि त्यांच्याशी वेगळं बोला.

जागा ठरली की खाली बघा. पेठांमध्ये कुठेही हातभर खणलं की काहीतरी लागतं: जुनी ड्रेनेज, विजेची केबल, पाडलेल्या वाड्याचा पाया, भरावाची माती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा नळ बांधला गेला. बांधीव भुयारातून, केवळ उतारावर वाहत ते पाणी पेठांतल्या हौदांत यायचं. स्वारगेटला मेट्रोच्या कामात २०१९ मध्ये खोदताना असंच भुयार लागलं, ते तुम्ही वाचलं असेल. तेव्हा पायाचं डिझाइन करण्याआधी एक चाचणी खड्डा घ्या. जेसीबी न लावता माणसांकडून, पहार-फावड्याने खणून घ्या. मुरूम कुठे लागतो, पाणी कुठे आहे, भराव किती खोल आहे, हे त्या खड्ड्यात उतरून बघितल्याशिवाय कोणत्याही अभियंत्याने पायाचा नकाशा काढू नये. भरावावर ठेवलेला चौथरा दोन पावसाळ्यांत एका कोपऱ्यावर बसतो, आणि मग शिल्प कितीही चांगलं असलं तरी लोकांना तेवढंच दिसतं.

(जाता जाता: कात्रजच्या नळावर हवा खेळती ठेवायला जे उंच खांब बांधले होते, ते उच्छ्वास, त्यातले काही अजून शहरात उभे आहेत. रोज शेजारून जाणाऱ्याला ते काय आहेत हे माहीत नसतं. पेठांचं जगणं दाखवायचं म्हणता ना, तर पाण्यासारखा विषय नाही. नळ जिथून गेला त्या मार्गावरच्या आवारांमध्ये, फरशीत किंवा भिंतीत, एकेक काळ्या दगडाचं छोटं शिल्प बसवायचं, आणि हात लावला की पाण्याची खोदलेली रेघ बोटाला लागली पाहिजे. मला कुणी विचारलं तर मी तेच करीन.)

उंचीबद्दल तुम्ही बारा फूट लिहिलंय. ती कमी करा. मोठ्या शिल्पाला मोकळी जागा लागते. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला नानासाहेब करमरकरांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघा. १९२८ चा, साडेतेरा फुटी, एकसंध ओतलेला. तो भव्य दिसतो कारण भोवती मैदान आहे, तुम्ही पन्नास पावलं मागे जाऊ शकता. पेठेत पन्नास पावलं मागे गेलात तर दुसऱ्याच्या दुकानात शिराल. इथे शिल्प हाताच्या अंतरावरून बघितलं जातं. त्यासाठी सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ बघा. अठराव्या शतकातली ती दर्शनी भिंत काळ्या दगडात इतकी बारीक कोरली आहे की माणूस जवळ जातो, वाकतो, साखळीने बांधलेला गेंडा शोधतो, मग शेजाऱ्याला दाखवतो. गल्लीसाठीचं शिल्प असं असतं. चौथरा नको, नजरेच्या उंचीवर काम हवं, आणि दुसऱ्यांदा येणाऱ्याला काहीतरी नवं सापडलं पाहिजे.

आणि लोक त्यावर चढणार. हे गृहीत धरूनच काम करा. अनंत चतुर्दशीला मिरवणूक मंडईतून निघते, लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि मानाचा गणपती दिसला की ज्याला जिथे पाय टेकता येईल तिथे तो चढतो. एका हातावर, एका खांद्यावर सहा-सात माणसं लोंबकळली तरी हलणार नाही, अशी ताकद आतल्या सांगाड्याला हवी. किंवा मग पाय ठेवायला खाचच ठेवायची नाही. मधलं काही चालत नाही. टोकं बोथट करा. पोरांचं डोकं अडकेल अशी फट, म्हणजे साधारण साडेतीन ते नऊ इंचांमधली, कुठेही ठेवू नका. खेळणी बनवणारे हा नियम पाळतात, शिल्पकार विसरतात. लोक ज्या जागी हात लावतील तो भाग काही वर्षांत सोन्यासारखा उजळेल. तो उजळू द्या, शिल्प लोकांनी आपलं मानल्याची ती खूण असते.

उंची आणि जागा कागदावर ठरवू नका. मांडववाल्याकडून बांबू आणि कापड घेऊन पूर्ण आकाराचा ढाचा बांधा आणि आठ दिवस उभा ठेवा. परवानगी मिळाली तर ११ डिसेंबरला, पादचारी दिनाला लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी बंद असतो तेव्हा, तिथेही एक ढाचा ठेवून बघा. लोकांना मत विचारायची गरज नाही, ते काय करतात ते बघायचं. आम्ही एका शाळेसमोर असा ढाचा ठेवला होता. पहिल्या संध्याकाळी एक आजी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन आल्या, कडेवर पिशव्या टेकवायला गेल्या, कड उंच होती, पिशवी सरकली आणि टोमॅटो रस्त्यावर गडगडले. मी धावत जाऊन गोळा केले. "बसायला केलंय का हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही आजी, पण आता करतो." ती कड आम्ही गुडघ्याच्या उंचीला, अठरा इंचांवर आणली. आज त्या शिल्पाकडे न बघणारे लोकसुद्धा त्यावर बसतात, आणि बसल्यावर बघतात. दुचाक्या कुठे लागतात, फुलवाली कुठे बसते, टेम्पो कुठून मागे येतो, हेही त्याच आठ दिवसांत कळतं. तिथे रोज बसणाऱ्या फुलवालीला उठवून शिल्प बसवणार असाल तर तशी जागा निवडूच नका.

आता सामग्री. ब्रॉंझ घेणार असाल तर आपल्याकडे रूढ मिश्रण ८५-५-५-५ हे आहे: ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच. ओतारी भंगारातलं पितळ वितळवून ओततो की खरोखर हेच, हे डोळ्यांनी कळत नाही. प्रत्येक ओतकामाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेण्याची अट घाला. जाडी सगळीकडे सारखी हवी, मी सहा ते आठ मिलिमीटर मागतो. आजकाल मोठं शिल्प तुकड्यांत ओतून जोडतात, त्यात गैर काही नाही, पण जोड किती आणि कुठे हे आधी विचारा. खांदा, मनगट, घोट्याजवळचा जोड पूर्ण वेल्डिंगचा हवा, नुसता टाका मारून वर घासलेला नको.

खरा शत्रू आत असतो. साध्या लोखंडाचा सांगाडा ब्रॉंझला किंवा तांब्याला चिकटला आणि मध्ये पाणी आलं की लोखंड झपाट्याने गंजतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं तांब्याचं कवच अडीच मिलिमीटरसुद्धा जाड नाही आणि ते शंभर वर्षं टिकलं. पण आतल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि १९८० च्या दशकात त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. आपल्याकडे मालवणला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नट-बोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने त्याच्या काही दिवस आधीच दिलं होतं. त्या दिवशी आमच्या व्यवसायातला प्रत्येक माणूस आपापल्या जुन्या कामांची यादी काढून बसला होता, मीही बसलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात मी माझ्या एका वीस वर्षांपूर्वीच्या शिल्पाची मागची झडप उघडली. आत टॉर्च धरला. सांगाडा ठीक होता, पण तळाशी चार बोटं पाणी साचलं होतं, कारण पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोकं कुणीतरी फरशी बदलताना सिमेंटने बुजवली होती. त्यामुळे तीन अटी सोडू नका: आतला सांगाडा आणि बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, आत बघता येईल अशी कुलपाची झडप, आणि तळाला पाणी निघायला भोकं. ती भोकं कुठे आहेत याचा फोटो देखभालीच्या कागदावर लावा.

दगड घेणार असाल तर आपला काळा पाषाणच घ्या. पण घट्ट, बिनफोडाचा. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये बारीक पोकळ्यांचा थर असतो, तो बसायच्या जागेला चालतो, चेहऱ्याला चालत नाही. फायबरवर ब्रॉंझसारखा रंग मारलेलं काम कुणी 'कायमस्वरूपी' म्हणून विकत असेल तर घेऊ नका. उन्हाने काही वर्षांत ते पांढुरकं पडतं, तडकतं. आणि तांबट आळी तुमच्या पट्ट्यात असताना तांब्याचा विचार न करणं मला पटत नाही. मठारकामाची ती चमक, हातोडीच्या प्रत्येक घावाची नेमकी खळी, हे दुसऱ्या कुठल्या शहराला सहज मिळणार नाही. एखाद्या शिल्पकाराने तिथल्या कारागिरांबरोबर बसून, पत्र्याची जाडी आणि सांगाडा नीट ठरवून काम केलं तर ते पुण्याचं शिल्प होईल. कारागिरांची नावं शिल्पकाराच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत कोरा.

शिल्पकार निवडताना सर्वांत कमी दराची निविदा हा निकष ठेवू नका. रक्कम आधीच जाहीर करा आणि त्या रकमेत कोण काय करतो ते बघा. अर्ज आले की फोटो बाजूला ठेवा आणि प्रत्येकाचं किमान दहा वर्षं जुनं काम प्रत्यक्ष जाऊन बघा, जमलं तर पावसाळ्यात. तिघे निवडा, त्यांना मॉडेल करायचे पैसे द्या. फुकट मॉडेल मागणं अन्याय आहे, आणि फुकट मिळालेल्या मॉडेलमध्ये विचारही तेवढाच असतो. निवडलेल्या शिल्पकाराला फरशी, दिवे, झाडं ठरण्याआधी बोलवा. सगळं झाल्यावर बोलावलंत तर त्याच्या वाट्याला एक चौकोन येतो, आणि तो चौकोनात बसेल असंच काहीतरी करतो.

विषयाबद्दल तुम्ही व्यक्तींचे पुतळे टाळलेत, ते शहाणपणाचं आहे. डिसेंबर २०१० मध्ये महापालिकेने लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा हलवला, आणि जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकला गेला. कोण बरोबर, यात मी इथे शिरत नाही. धातू शंभर वर्षं टिकतो, एकमत तेवढं टिकेलच असं नाही, एवढंच डोळ्यांसमोर ठेवा. पण भाजीवाली, हमाल, तांबट यांचं शिल्प करायचं तरी त्यांना विचारा. मंडईत पहाटे माल उतरतो तेव्हा जा, शिल्पकाराला घेऊन जा, मातीचं मॉडेल तिथे गाळ्यावर ठेवा. हमाल पोतं पाठीवर कसं घेतो हे चुकलं असेल तर पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला कुणीतरी सांगेल.

सगळी शिल्पं एकदम करू नका. एक करा. सहा फुटांच्या आतलं ब्रॉंझ असेल तर मॉडेल मान्य झाल्यापासून आठ-दहा महिने धरा. पाया दिवाळीनंतर घाला, म्हणजे काँक्रीटला पाणी मारून मुरवायला वेळ मिळतो, आणि उन्हाळ्यात शिल्प बसवा. शिल्पकाराचे शेवटचे दहा टक्के अनावरणाच्या दिवशी देऊ नका, पहिला पावसाळा आणि पहिली मिरवणूक पार पडेपर्यंत थांबा, आणि हे करारातच असू द्या म्हणजे वाद नको. जूनमध्ये पहिली मोठी सर येऊन गेली की शिल्पकार आणि देखभालीचा माणूस, दोघांना सोबत घेऊन जा, खाली वाका, आणि तळाच्या प्रत्येक भोकातून पाणी येतंय ना, ते मोजा.